बाटली उलटी करून शिक्का बघा, इतकं सोपं असतं तर!

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पोर्सलिनच्या जुन्या परफ्यूम बॉटल्सवर अख्खं पान आलं, फोटोही झकास होते. खरं सांगते, खूप बरं वाटलं, कारण छंद म्हटलं की आपल्याकडे नाणी आणि पोस्टाची तिकिटं, त्यापुढे कोणी जात नाही. पण पानाच्या खाली जी चौकट टाकलीय ना, नवशिक्यांसाठी टिप्स म्हणून, ती वाचून कपाळाला हात लावला. बाटली उलटी करायची, तळावरचा शिक्का बघायचा, नेटवर शोधायचा, की कंपनी आणि वय दोन्ही कळतं म्हणे. अहो, नकली माल विकणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? मी बरीच वर्षं या बाटल्या जमवते, त्यावरून सांगते, शिक्का सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि तोही संशयाने.

का ते सांगते. लेखात चेल्सीचं नाव मोठ्या कौतुकाने घेतलंय, ते बरोबरच आहे, लंडनचा हा कारखाना साधारण 1745 च्या सुमाराचा, निकोलस स्प्रिमाँ नावाचा चांदीकाम करणारा माणूस तो चालवायचा, आणि तिथे बोटभर उंचीच्या परफ्यूमच्या कुप्या बनायच्या, कधी पोपट, कधी क्युपिड, कधी फुलांचा गुच्छ, डोकं किंवा फूल उचललं की तेच झाकण. त्या काळी अशा छोट्या चिजांना टॉइज म्हणायचे, पण खेळणी नव्हेत हं, मोठ्या माणसांच्या खिशातल्या आणि ड्रेसिंग टेबलावरच्या शोभेच्या वस्तू. आता लेख म्हणतो की चेल्सीचा शिक्का म्हणजे नांगर, तो दिसला की समजा खरी. नांगराचा हिशोब असा आहे की सुरुवातीला 1749 पर्यंत त्रिकोण, मग 1752 पर्यंत उठावाचा नांगर, मग 1756 पर्यंत लाल, आणि पुढे 1769 पर्यंत सोनेरी. हे सगळं खरं, पण या छोट्या कुप्यांवर मुळात शिक्काच क्वचित असायचा! म्हणजे बोटभर कुपीच्या तळावर ठसठशीत सोनेरी नांगर दिसला की खूश व्हायचं नाही, तिथेच पहिली पाल चुकचुकली पाहिजे. खरा नांगर असलाच तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, बरेचदा त्याहून बारीक, आणि कुठेतरी मागच्या बाजूला कोपऱ्यात, शोधावा लागतो. लांबून दिसणारा मोठा नांगर बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातला किंवा त्याच्याही नंतरचा.

आणि तो कोणी काढला असेल, तर बऱ्याचदा पॅरिसच्या सामसाँने. हे नाव लेखात एकदाही नाही, याचंच मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. 1845 मध्ये सुरू झालेली फर्म, 1969 पर्यंत चालली, म्हणजे सव्वाशे वर्षं यांनी जर्मनीचं मायसेन, फ्रान्सचं सेव्र, चेल्सी, चिनी, जपानी, जे म्हणाल त्याची कॉपी केली. सेटमधला एखादा नग फुटला तर तो बदलून देणं हा धंद्याचा एक भाग, उघड उघड कॉपी म्हणून विकणं हा दुसरा, आणि स्वतःचा शिक्काही ते टाकायचे, पण तो पुढे कोणी घासून काढला की मग काय बोलायचं. तळावर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, एका ठिकाणी घासल्यासारखं, बोटाला खरखरीत लागलं की ओळखायचं. गंमत म्हणजे आज सामसाँच्या कॉपीही लोक जमवतात, आणि त्या वाईट नाहीतच, फक्त सामसाँ म्हणून घ्याव्यात, चेल्सी म्हणून नाही.

बरं, मग चेल्सी आणि सामसाँ वेगळे कसे ओळखायचे? मातीवरून. पोर्सलिन म्हणजे सगळं एकच असं लेख धरून चाललाय, आणि चौकटीतली गडबड तिथूनच सुरू होते. हार्ड पेस्ट म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार या खनिजाचा दगड, 1300 ते 1400 डिग्रीला भाजलेलं, युरोपात हे जमलं ते 1708 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला, चिर्नहाउस आणि ब्योटगर या दोघांच्या खटपटीतून, आणि 1710 मध्ये मायसेनचा कारखाना सुरू झाला. ज्यांना केओलिन मिळत नव्हतं किंवा कृती माहीत नव्हती त्यांनी काचेची पूड मातीत मिसळून कमी तापमानाला सॉफ्ट पेस्ट बनवलं, चेल्सी त्यातलं, सुरुवातीचं सेव्रही त्यातलंच, कारण फ्रान्समध्ये लिमोझजवळ केओलिन सापडलं ते थेट 1768 मध्ये. सामसाँ मात्र चेल्सीच्या कॉपीसुद्धा हार्ड पेस्टमध्ये करायचा. तेव्हा चेल्सी म्हणून समोर आलेली कुपी पांढरीफटक, थंड, काचेसारखी कडक दिसली तर नांगर काहीही म्हणो, ती चेल्सी नाही. सॉफ्ट पेस्ट जरा दुधी, पिवळसर झाकेची असते, टवका उडालेला असेल तर भिंगातून बघा, तुटलेली कड साखरेच्या खड्यासारखी दाणेदार दिसते, हार्ड पेस्टची कड गुळगुळीत आणि चकचकीत असते. रंगांचंही तसंच आहे, सॉफ्ट पेस्टवर रंग ग्लेझमध्ये थोडे विरघळून बसतात, हार्ड पेस्टवर ते वरच्यावर राहतात, डोळे मिटून बोट फिरवलं तरी पाकळीची कड जाणवते. चेल्सीच्या काही वर्षांच्या मालात मागून टॉर्च धरला की मातीत फिकट गोल डाग उजळतात, आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, जमवणारे त्यांना मून्स म्हणतात. पण कुपी इतकी छोटी आणि तोंड इतकं अरुंद की प्रत्येकीत ते दिसतीलच असं नाही, तेव्हा मून्स नाहीत म्हणून लगेच नाकारूही नका.

आणखी एक खूण साइजची. मूळ वस्तूवरून साचा काढून कॉपी बनवली की ती लहान होते, कारण भट्टीत माती आक्रसते, दहा-पंधरा टक्के तरी. त्यामुळे म्युझियममधल्या नगाची उंची माहीत असेल आणि समोरची कुपी तंतोतंत तशीच पण थोडी बुटकी असेल, नाकडोळे जरा बोथट असतील, तर कारण उघड आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचं कलेक्शन ऑनलाइन बघता येतं, मापांसकट, फुकट. शिक्के शोधत बसण्यापेक्षा हे करा, डोळा तयार होतो.

अजून एक भानगड सांगते, लेखात नव्हती म्हणून. चेल्सीच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या कुप्यांपैकी बऱ्याच चेल्सीच्या नाहीतच. शार्ल गुइन हा ज्वेलर आधी चेल्सीच्या धंद्यात भागीदार होता, मग बाहेर पडला आणि लंडनमध्येच सेंट जेम्सला 1749 पासून साधारण दहा वर्षं स्वतःचं काम चालवलं, त्यात मूर्तीच्या आकाराच्या परफ्यूमच्या कुप्या भरपूर होत्या. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीची एक मूर्ती आहे, तिच्यावरून या सगळ्या गटाला गर्ल इन अ स्विंग म्हणतात. कारखाना कोणाचा हे कळायच्या आधी हा सगळा माल चेल्सी म्हणूनच विकला गेला आणि जुन्या कॅटलॉगमध्ये अजूनही तसंच छापलेलं सापडेल. या कुप्यांवर गळ्याशी किंवा पट्टीवर फ्रेंचमध्ये प्रेमाची वाक्यं असतात आणि स्पेलिंग बिनधास्त चुकलेलं असतं, बनवणारे लंडनमध्ये, फॅशन पॅरिसची, चालायचंच. तेव्हा फ्रेंच चुकलंय म्हणून नकली, असा निष्कर्ष काढू नका, उलट फ्रेंच फारच शुद्ध असेल तर मला जरा धाकधूक होते.

मायसेनच्या शिक्क्यातल्या दोन तलवारींचं काय सांगू. साधारण 1722 पासून त्या निळ्या तलवारी तळावर येतात आणि जवळपास तेव्हापासूनच लोक त्या चोरतायत. शिवाय खऱ्या तलवारींवर आडवी चर मारलेली असेल तर तो कारखान्याने दुय्यम ठरवलेला माल, बाहेर नेऊन कोणी रंगवलेला असू शकतो, म्हणजे माती मायसेनची पण चित्र नाही. एआर (ऑगस्टस रेक्स) ही जोडअक्षरं बघून लोक थेट मायसेन सुरू करणाऱ्या ऑगस्टस राजाच्या काळात जाऊन पोचतात, पण एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोनच्या वर्कशॉपमधून तेच शिक्के मारलेला ढीगभर माल निघाला, मायसेनला शेवटी कोर्टात जावं लागलं. आणि लेखात जे ड्रेस्डेन कंपनी असं लिहिलंय ना, तशी एक कंपनी नव्हतीच, शहरात आणि आसपास कितीतरी वर्कशॉप्स होती जी पांढरा माल आणून रंगवायची, त्या सगळ्यांना मिळून बाजारात ड्रेस्डेन म्हणतात. लेखात फ्रान्सच्या जाकोब पेतीचं नाव नव्हतं, माझा अगदी आवडता माणूस, सुलतान आणि सुलताना अशा बसलेल्या जोडीच्या परफ्यूम बॉटल्स, रंग भडक, सोनं भरपूर, चांगल्या अर्थाने भपकेबाज. त्याचा शिक्का निळ्या रंगात जे आणि पी, आणि तोही सर्रास नकली सापडतो.

सोन्याकडे बघा हे मात्र कोणीच सांगत नाही. अठराव्या शतकात सोन्याची पूड मधात घोटून लावायचे, ते जाडसर, मऊ, जरा मंद दिसतं. नंतर पाऱ्यात मिसळून लावायचं सोनं आलं, ते जास्त पिवळं नि चमकदार. आणि 1827 मध्ये मायसेनला ब्राइट गोल्ड म्हणजे द्रवरूप सोनं निघालं, जे घासून पॉलिश करावं लागत नाही, पातळ आणि आरशासारखं, आणि लवकर झिजतं. 1760 ची म्हणून विकली जाणारी कुपी आणि कडेला असं आरशासारखं सोनं, हे जमत नाही हो.

आता धातू. तोंडाजवळची कॉलर किंवा टोपण चांदीचं असेल आणि ब्रिटिश हॉलमार्क असेल, तर तारखेचं अक्षर वाचून वर्ष काढता येतं, ही सगळ्यात भरवशाची खूण, मातीपेक्षाही. फक्त ते वर्ष टोपणाचं, बाटलीचं नव्हे! जुन्या कुपीला पन्नास-शंभर वर्षांनी नवं टोपण बसवलेलं खूप बघायला मिळतं. आणि इथे एक गंमत होते, बर्मिंगहॅमच्या चांदीचा शिक्का 1773 पासून नांगरच आहे. चांदीच्या कॉलरवरचा नांगर दाखवून चेल्सी म्हणून सांगणारे विक्रेते आहेत, हसावं की रडावं कळत नाही. टोपण आणि बाटली एकाच वेळची असल्याची छान उदाहरणं हवी असतील तर पक्ष्यांच्या अंड्याच्या आकाराच्या त्या छोट्या बाटल्या बघा, 1885 च्या सुमाराच्या, पोर्सलिन इंग्लंडमधल्या बर्स्लेमच्या मॅकिंटायर कारखान्याचं आणि चांदीचं फिरकीचं टोपण सॅम्पसन मॉर्डन या फर्मचं, ठिपके अगदी खऱ्या अंड्यांसारखे.

त्या काळच्या ब्रिटिश मालावर 1842 ते 1883 हिऱ्याच्या आकाराची रजिस्ट्रेशनची खूण आणि 1884 पासून नुसता नंबर असतो. इथेही लक्षात ठेवा, ती तारीख डिझाइन नोंदवल्याची, त्यानंतर कितीही वर्षं तोच साचा चाललेला असू शकतो.

तळावर देशाचं नाव असेल तर 1891 नंतरची, नसेल तर आधीची, हा नियम चौकटीत छापलाय, तो अर्धाच खरा. अमेरिकेच्या मॅकिनली कायद्यामुळे 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं हे बरोबर. पण जो माल अमेरिकेला गेलाच नाही त्याला ते बंधन नव्हतं, आणि गेलेल्यावरही कागदी लेबल चालायचं, ते धुतलं की गेलं. म्हणजे नाव असेल तर काहीतरी कळतं, नसेल तर काहीच कळत नाही. जपानी मालाचं थोडं सोपं आहे, निप्पॉन लिहिलेलं 1921 पर्यंतचं, पुढे जपान, आणि ऑक्युपाइड जपान असेल तर महायुद्धानंतरचं, 1952 पर्यंतचं.

व्हिंटेजवाल्यांवर लेखात दोनच ओळी होत्या, म्हणून थोडं लिहिते, कारण सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. 1920-30 च्या दशकातल्या जर्मन क्राउन टॉप बाटल्या म्हणजे नुसती धमाल, विदूषक, बाहुल्या, कुत्री, टोपीवाल्या बायका, डोक्यावर मुकुटाच्या आकाराचं धातूचं झाकण, खाली बूच लावलेलं. तळावर किंवा पाठीवर दाबून उमटवलेलं जर्मनी आणि साच्याचा नंबर. त्या काळापर्यंत परफ्यूमवाले स्वतःच देखण्या काचेच्या बाटलीत माल विकायला लागले होते, कोटी या फ्रेंच परफ्यूमवाल्याने 1908 च्या आसपास लालिक या काचकाम करणाऱ्याकडून बाटल्या करून घेतल्या तेव्हापासून तर जास्तच, त्यामुळे घरी आणून छान कुपीत ओतायची गरज कमी झाली आणि पोर्सलिन हौसेकडे, गमतीकडे वळलं. ते जमवणाऱ्यांच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. यात बघायचं ते झाकण. मुकुट हरवतात, दुसऱ्या बाटलीचा काढून बसवतात, बूच नवंकोरं पांढरं असेल किंवा मुकुट तोंडावर डुगडुगत असेल तर विचारा. बूच बदललेलं असणं मी गुन्हा मानत नाही, नव्वद वर्षं बूच कसं टिकणार, पण विक्रेत्याने ते सांगितलं पाहिजे.

सांगितलं पाहिजे, हाच सगळा मुद्दा आहे. ऑनलाइन विक्रीत समोरून चार सुंदर फोटो टाकतात आणि गळ्याचा, तोंडाच्या कडेचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा एकही नाही. मोडतोड नेमकी तिथेच होते, शिवाय बोटं, पक्ष्याची चोच, फुलांच्या पाकळ्या. रिपेअर इतके सफाईदार करतात की नुसत्या डोळ्याला पत्ता लागत नाही. यूव्ही टॉर्च मारला तर वरून दिलेला रंग आणि डिंक बहुतेक वेळा वेगळा चमकतो, आणि हलकेच दाताला लावून बघितलं तर खरं ग्लेझ थंड आणि कडक लागतं, रिपेअर मऊ. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे. तळावरची झीजही पाहा, खऱ्या वापराचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी असतात, एकाच दिशेला सारखे असतील तर कोणीतरी सँडपेपर फिरवलाय.

शेवटच्या परिच्छेदात तुमच्या लेखिकेने सुचवलंय की अशा बाटलीत रोजचा परफ्यूम भरून वापरा, आणि आतून घाण असेल तर साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. कृपया, कृपया असं करू नका. धातूची कॉलर बऱ्याचदा प्लास्टरने बसवलेली असते, रात्रभर पाण्यात राहिली की ती निघून हातात येते. परफ्यूममधलं अल्कोहोल रिपेअरचा रंग सोडवतं, आणि सॉफ्ट पेस्टच्या ग्लेझला बारीक तडे असतील तर तेल आत मुरून तपकिरी डाग पडतो तो जात नाही. बाहेरून मऊ ओलसर कापड पुरे, आतला जुना वास राहू द्या, कोणाला त्रास देतोय तो? पोर्सलिनमधून उजेड फारसा आत जात नाही म्हणून परफ्यूम टिकतो हे लेखातलं म्हणणं चूक नाही, पण ते नव्या बाटलीसाठी ठीक.

आणि हो, पानाच्या मधोमध जो सगळ्यात मोठा फोटो आहे, निळ्या-पांढऱ्या चिनी बाटलीचा, खाली परफ्यूम बॉटल असं लिहिलंय. ती परफ्यूमची नाही. झाकणाला खाली छोटा चमचा जोडलेला फोटोत स्वच्छ दिसतोय, ती तपकिरीची बाटली आहे, स्नफ बॉटल, तो चमचा तपकीर काढायचा. तिचे जमवणारे वेगळे, त्यांचं जग वेगळं, आणि ते माझ्याहून जास्त चिडके आहेत, त्यांचंही पत्र येईलच.

विनंती इतकीच की चौकटीतली दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, नुसती पत्रव्यवहारात नको, त्याच पानावर, कारण ती टिप कापून ठेवणारे लोक हे पत्र वाचणार नाहीत. आणि पुढचा भाग काढणार असाल तर प्रत्येक बाटलीचे तीन फोटो द्या, समोरून, तळाचा आणि झाकण काढून तोंडाचा, सोबत माप. जागा कमी पडली तर माझ्या मते समोरचा गाळा.

कळावे,
आपली नियमित वाचक